कराराबाहेरचें देणें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. तिच्यांतील लग्नाविषयींचा भाग आमच्या नाटककारांनीं व कादंबरीकारांनीं पुरेसा उकलून दाखविला आहे. घराविषयींच्या भागाकडे मात्र विचारी लेखकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. वास्तविक दोहोंत साम्य पुष्कळ. लग्नापूर्वीं याद्या होतात, मानपान, कपडे, जेवणावळी हें सर्व कागदावर येतें, उभय पक्षांच्या सह्या होतात, आणि तरीहि लग्नघरीं कोणी तरी वडीलधारा मनुष्य ‘हें यादींत नव्हतें’ असें म्हणून रुसून बसल्यावांचून मंगलकार्य पार पडत नाहीं. बांधकामांतहि याद्या होतात, त्यांस टेंडर म्हणतात. आणि तेथेंहि ‘हें यादींत नव्हतें’ असें म्हणण्याचा प्रसंग यावयाचा तो येतोच. फरक इतकाच कीं, लग्नांतला रुसवा एका शालजोडीनें निघतो; बांधकामांतला निघावयास कधीं कधीं एक पिढी जाते.

कंत्राटदार काम अंगावर घेतो तेव्हां अमुक काम, अमुक मुदतींत, अमुक रकमेस करून देईन असें लिहून देतो. पुढें काम चालू असतां तो एके दिवशीं पत्र घेऊन येतो आणि ठरलेल्या रकमेखेरीज आणखी कांहीं मागतो: नकाशा बदलला म्हणून, जागा वेळेवर ताब्यांत मिळाली नाहीं म्हणून, बिलें अडकल्यामुळें माणसें बसून राहिलीं म्हणून, किंवा जमिनीखालीं जें निघालें तें कोणाच्याच स्वप्नांत नव्हतें म्हणून. या मागणीस धंद्यांतील लोक ‘क्लेम’ म्हणतात, आणि आम्हीहि तोच शब्द वापरूं. कारण ‘दावा’ म्हटलें कीं कोर्टाची पायरी डोळ्यांपुढें येते, आणि क्लेम हा त्या पायरीच्या पुष्कळ अलीकडचा प्रकार आहे.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून या विषयावर जें मत ऐकूं येतें तें ठरलेलें आहे. शब्द दिला तो पाळावा. परवडत नव्हतें तर घेतलें कशाला? क्लेम म्हणजे आधीं कमी भाव सांगून काम पदरांत पाडून घ्यावयाचें आणि मग घरमालक अर्ध्या बांधलेल्या भिंतींत सांपडला कीं त्याचा गळा धरावयाचा. असा गळा धरणारे लोक आहेत, हें कोण नाकारील? परंतु कांहीं लोक खोटें मागतात एवढ्यावरून मागणेंच खोटें ठरत नाहीं. दिलेल्या शब्दाच्या बाहेर कांहीं मागणें हें केव्हां तरी न्यायाचें असूं शकतें काय, आणि मागितलेलें देणें हें केव्हां तरी कर्तव्य होतें काय, हा खरा प्रश्न आहे. तो इंजिनिअरांचा किंवा वकिलांचा नाहीं. वचन या वस्तूचा आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक जागा घेऊं. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस मीरा-भाईंदर वसलें आहे. १९८५ सालीं तेथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली; मधल्या काळांत मुंबईंत घर न परवडणारीं हजारों कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. त्याच वस्तींत, भाईंदर पूर्वेस, खारी हें गांव आहे. गांवाचें नांवच जमिनीची जात सांगतें. हा सगळा मुलूख खाडीच्या भरतीचा, खाजणाचा आणि मिठागरांचा. वर मुरमाचा भराव, त्याखालीं खाडीचा काळा मऊ चिखल, आणि त्याखालीं कोठें तरी खडक. कोठें तरी, हाच शब्द महत्त्वाचा आहे. चिखलाखालच्या खडकाचा पृष्ठभाग सपाट नसतो. वीस पावलांच्या अंतरांत तो दहा फुटांनीं वर किंवा खालीं गेला तर त्यांत नवल नाहीं.

आतां समजा, खारींतील ४८ बिऱ्हाडांची एक जुनी चार मजली इमारत मोडकळीस आली आहे. महाराष्ट्र शासनानें २०१९ सालीं सोसायट्यांनीं स्वतःच आपली इमारत पुन्हां बांधावी म्हणून उत्तेजन देणारा निर्णय काढला. त्याचा आधार घेऊन या मंडळींनीं बिल्डरास दूर ठेविलें आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलें. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आजपर्यंत कंत्राटदाराविषयीं आपण जें बोलत होतों तें लांबून बोलत होतों. मालक दुसराच कोणी असे. आतां शाळामास्तर, बँकेंतील कारकून, पेन्शनर हेच मालक झाले, आणि नीतीचा प्रश्न त्यांच्या जिन्यांत येऊन उभा राहिला.

सोसायटीनें जमीन तपासण्यासाठीं दोन ठिकाणीं बोअर घेतले. सल्लागारानें सहा सांगितले होते. कमिटीनें खर्च पाहून दोहोंवर भागविलें. दोहोंतहि सुमारें ४० फुटांवर खडक लागला. त्यावरून नकाशे झाले, पायाच्या कामाची ठोक रक्कम मागविली गेली, आणि टेंडरांत नेहमींचें कलम घातलें गेलें कीं, कंत्राटदारानें जागेची स्वतः पाहणी करून जमिनीच्या स्थितीविषयीं खात्री करून घेतली आहे, मागाहून त्याची कोणतीहि तक्रार ऐकली जाणार नाहीं. पांच टेंडरें आलीं. सर्वांत कमी रकमेचें स्वीकारलें. काम सुरू झालें, आणि इमारतीच्या मागल्या बाजूस पायाचे खांब ४० फुटांवर टेकेनात. कांहीं ५५ वर टेकले, कांहीं ६२ वर. कंत्राटदारानें जादा लोखंड, जादा कॉंक्रीट आणि यंत्र अडकून पडल्याचें भाडें असा क्लेम लिहून दिला. सोसायटीची सर्वसाधारण सभा भरली. कलम वाचून दाखविलें गेलें. ‘सही केली आहे ना?’ असें एक गृहस्थ म्हणाले, आणि सभेनें टाळ्या वाजविल्या. हा सारा कल्पित प्रसंग आहे. परंतु अशा सभांचा ज्यांना परिचय आहे त्यांना टाळ्या तरी कल्पित वाटणार नाहींत.

त्या गृहस्थांच्या बाजूनें मोठा आधार आहे. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाचें काम थॉर्न नांवाच्या कंत्राटदारानें घेतलें होतें. नगरपालिकेच्या इंजिनिअरानें पाण्यांत पाया घालण्यासाठीं लोखंडी पेट्यांची एक योजना आंखून दिली होती. ती योजना पाण्यांत टिकली नाहीं, आणि कंत्राटदाराचे श्रम व वेळ फुकट गेले. त्यानें भरपाई मागितली. १८७६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, नकाशाप्रमाणें काम होऊं शकेल अशी हमी मालकानें दिलेली नव्हती. काम अंगावर घेण्यापूर्वीं तें पाहणें कंत्राटदाराचें होतें. इंग्रजी कायद्याचा हा कणखर स्वभाव आम्हांस एका अर्थीं आवडतो. मनुष्यास प्रौढ समजून त्याच्या शब्दाची किंमत करणें यांत एक प्रकारचा आदर आहे. पण त्या आदराची किंमत कोणीं द्यावयाची, हें त्या निकालांतून सुटत नाहीं.

कारण पाहणी करणें म्हणजे काय? टेंडर भरावयास तीन आठवडे होते. पांचहि कंत्राटदारांनीं स्वतःच्या खर्चानें सहा सहा बोअर घेतले असते तर एकाच जमिनीस तीस भोंकें पडलीं असतीं, आणि त्यांपैकीं चोवीस भोंकांचा खर्च काम न मिळालेल्या लोकांनीं सोसला असता. असें कोणी करीत नाहीं. कोणी करावें अशी सोसायटीचीहि अपेक्षा नव्हती. म्हणजे ‘त्यानें खात्री करून घेतली आहे’ हें वाक्य लिहिणाराला आणि सही करणाराला दोघांनाहि तें खोटें आहे हें ठाऊक होतें. ज्या वाक्याच्या खोटेपणाविषयीं उभय पक्षांचें एकमत आहे, त्यास वचन म्हणावें काय? आमच्या मतें तें वचन नव्हे. तें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर ढकलण्याची एक सुसंस्कृत रीत आहे. चार बोअरांचे वांचविलेले पैसे सोसायटीच्या तिजोरींत राहिले, आणि त्या वांचविण्यांतून जन्मलेला धोका मात्र कंत्राटदाराच्या घरीं पाठविला गेला.

व्यवहारदक्ष अमेरिकन लोकांनीं ही गोष्ट लवकर ओळखली. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथील केंद्र सरकारनें आपल्या बांधकामांच्या करारांत असें कलम घातलें कीं, जमीन दाखविल्यापेक्षां वेगळी निघाली तर रक्कम बदलून मिळेल. यांत कनवाळूपणा नव्हता, हिशेब होता. धोका कंत्राटदारावर टाकला तर शहाणा कंत्राटदार त्याची किंमत टेंडरांत आधींच घालतो. मग जमीन चांगली निघाली तरी मालक ती किंमत भरतोच. धोका स्वतःकडे ठेवला तर खडक खोल निघेल तेव्हांच पैसे द्यावे लागतात. पुढें आंतरराष्ट्रीय कामांच्या नमुन्याच्या करारांतहि हेंच तत्त्व आलें, आणि अनुभवी कंत्राटदारास ज्याचा अंदाज आला नसता अशी जमिनीची अडचण, ही कसोटी रूढ झाली. न्याय आणि काटकसर एकाच वाटेनें चालल्याचीं उदाहरणें जगांत फार नाहींत. हें त्यांतलें एक आहे.

परंतु कंत्राटदाराचा पक्ष बळकट झाला असें समजून त्यानें हंसूं नये. त्यालाहि आम्हीं एक प्रश्न विचारणार आहों, आणि आमच्या मतें या सर्व विषयाची कळ त्या प्रश्नांत आहे. खडक ४० ऐवजीं २८ फुटांवर लागला असता तर? ठोक रकमेचें काम. बारा फुटांचें लोखंड आणि कॉंक्रीट वांचलें असतें. त्या वेळीं तो पत्र घेऊन सोसायटीकडे आला असता काय? ‘जमीन आपणां उभयतांस अज्ञात होती, ती अनुकूल निघाली, हे आपले पैसे परत घ्या’ असें म्हणाला असता काय? जो म्हणाला असता त्याचा क्लेम नीतीच्या दरबारांत एका क्षणांत मंजूर व्हावा. जो तो लाभ दैवाचा प्रसाद समजून खिशांत घालतो आणि तोटा मात्र मालकाच्या दारांत आणून टाकतो, तो न्याय मागत नाहीं. तो फक्त आपल्याकडे झुकलेला तराजू मागतो. अर्थात् हाच प्रश्न सभेंतील गृहस्थांनाहि लागू आहे. खडक २८ फुटांवर निघाला असता तर ‘सही केली आहे ना’ असें म्हणून ते तितक्याच शांतपणें घरीं गेले असते काय? आम्हांस शंका आहे. बहुधा दुसऱ्या दिवशीं कमिटीपुढें अर्ज आला असता कीं, कंत्राटदारानें कमी खोल खणून पूर्ण पैसे घेतले.

आपल्या देशांत हा वाद इंग्रजांबरोबर आला अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास प्रसिद्ध केला, आणि पुढें आपल्या रा. प. कंगले यांनीं त्याची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठासाठीं सिद्ध केली. त्यांतील तिसऱ्या अधिकरणांत मजुरांच्या करारांचा विचार आहे. काम करावयास मनुष्य येऊन उभा राहिला आणि मालकानें त्यास काम दिलें नाहीं, तर तें काम झालें असें समजून वेतन द्यावें, असें पूर्वाचार्यांचें मत तेथें दिलें आहे. कौटिल्य तें खोडून काढतो: वेतन केलेल्या कामाचें, न केलेल्याचें नव्हे. परंतु पुढल्याच वाक्यांत तो स्वतःच अट घालतो कीं, थोडें काम करवून घेऊन मालकानें बाकीचें करूं दिलें नाहीं, तर तें सारें झाल्यासारखेंच समजावें. संघ करून काम घेणाऱ्या लोकांस ठरल्या मुदतीवर सात रात्रींची सवलतहि तो देतो. म्हणजे बसून राहिलेल्या माणसांचा क्लेम आणि मुदतवाढ, या ज्या दोन गोष्टींवर आज लवादांपुढें फाइलींचे ढीग पडतात, त्या दोन्ही गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्याकडे वादाच्या विषय होत्या. आणि ज्यास आपण निष्ठुर राजनीतिज्ञ समजतों त्या कौटिल्यासहि निव्वळ ‘कृतस्य वेतनम्’ एवढ्यावर थांबतां आलें नाहीं. काम सुरू झालें कीं दोन माणसांत कराराहून अधिक कांहीं तरी उत्पन्न होतें, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. एकानें आपलीं माणसें, अवजारें, आठवडे दुसऱ्याच्या जागेवर आणून टाकलेले असतात. तो आतां सहज उठून जाऊं शकत नाहीं.

आपला १८७२ चा कराराचा कायदाहि, वाटतो तितका कोरडा नाहीं. त्याचें सत्तरावें कलम म्हणतें कीं, फुकट करण्याचा हेतु नसतां कोणी दुसऱ्याकरितां कायदेशीर रीतीनें कांहीं केलें आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणारानें मोबदला दिला पाहिजे. पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल आणि मंडळी या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व सरकारासहि लागू केलें. १९४४ सालीं मंडल यांनीं सरकारी खात्यासाठीं कांहीं बांधकाम करून दिलें होतें. पैसे मागतांच सरकारनें सांगितलें कीं, करार विधिपूर्वक झालाच नव्हता. न्यायालयानें सांगितलें, करार नसेल; गोदाम तर आहे ना, आणि तें तुम्हीं वापरलें ना? खारीच्या सोसायटीची इमारतहि त्या ६२ फुटांच्या खांबांवरच उभी राहणार आहे. वरच्या मजल्यावरील कुटुंबें निर्धास्त झोपतील तीं कलमावर नव्हे, त्या बावीस फूट जादा लोखंडावर झोपतील.

येथपर्यंत आम्हीं मालक आणि कंत्राटदार अशा दोनच पक्षांविषयीं बोललों. तिसरा पक्ष नेहमींप्रमाणें सभेबाहेर उभा आहे. त्याची ओळख पटावी म्हणून खंडाळ्याच्या घाटाकडे वळलें पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें घाटांतील लोहमार्गाचें काम फेव्हिएल नांवाच्या इंग्रज कंत्राटदारास दिलें आणि १८५६ च्या जानेवारींत तें सुरू झालें. सुमारें १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सह्याद्रीचा काळा पत्थर, जो सुरुंगाखेरीज कोणाचेंच ऐकत नाहीं. काम पोटकंत्राटदारांत वाटलेलें होतें, त्यांच्याखालीं मुकादम, त्यांच्याखालीं मजूर. वरून पैसा वेळेवर उतरेना, आणि १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीसाठीं घाटांत दंगा झाला. त्यांत एक यूरोपियन मारला गेला. मार्चांत फेव्हिएलनें कंत्राट सोडून दिलें. नंतर सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें वारला. तेव्हां त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, तें कंत्राट स्वतः चालविण्याचें धैर्य केलें आणि दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हातून तें शेवटास नेलें. १८६१ च्या आरंभीं या कामावर ४० हजारांहून अधिक माणसें होतीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाट खुला झाला.

या हकीकतींतील आम्हांस लागणारा भाग दंग्याचा आहे. कंपनी आणि कंत्राटदार यांच्यामध्यें हिशेबाचे कितीहि वाद असले तरी ते वाद पत्रांनीं चालतात. पत्रास महिना लागला तरी कोणाची चूल विझत नाहीं. तोच वाद पोटकंत्राटदारांच्या आणि मुकादमांच्या उतरंडीवरून खालीं आला कीं शनिवारच्या हप्त्याचा होतो, आणि शनिवार महिनाभर थांबत नाहीं. दंग्यानंतर सरकार जागें झालें. १८६० चा नववा कायदा होऊन सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट तोडावे अशी सोय झाली. पण त्याच कायद्यानें करार मोडून काम सोडून जाणाऱ्या मजुरास तुरुंगांत टाकण्याचीहि सोय केली, आणि ती १९३२ पर्यंत राहिली. फेव्हिएलनें कंत्राट सोडलें तेव्हां त्यास कोणीं तुरुंगांत टाकलें नाहीं. १९७० च्या कंत्राटी कामगारांविषयींच्या कायद्यानें, कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर मूळ मालकानें ती द्यावी असें ठरविलें. हें तत्त्व मान्य व्हावयास घाटांतील दंग्यानंतर एक शतकाहून अधिक काळ जावा लागला.

म्हणून खारीच्या सभेंत जेव्हां टाळ्या पडतात, तेव्हां त्या कोणाविरुद्ध पडतात याचा विचार केला पाहिजे. कंत्राटदार तोटा सोसतो असें आपण म्हणतों. बहुधा तो सोसत नाहीं, खालीं उतरवितो. बार बांधणाऱ्या फिटरची मजुरी थकते, लहान पोटकंत्राटदार हप्ते चुकवितो, नाहीं तर सिमेंटचें प्रमाण घटतें आणि मग तोटा पुन्हां जिना चढून सोसायटीच्याच घरांत येतो, फक्त वीस वर्षांनीं. भाईंदरच्या जुन्या इमारतींचें प्लॅस्टर ज्यांच्या डोक्यावर पडलें आहे त्यांस या चढउताराविषयीं अधिक सांगावयास नको.

क्लेम कसा मागावा यासंबंधीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण न्याय्य मागणी मागण्याच्या रीतीनें अन्यायाची होते. चार मिळावेत म्हणून दहा मागावेत हा मंडईंतला नियम बांधकामांत बेमालूम शिरला आहे. मुख्य कचेरीचा खर्च आणि बुडालेला नफा मोजण्यासाठीं हडसन, एमडेन आणि आयक्‌ले यांच्या नांवांनीं ओळखलीं जाणारीं सूत्रें आहेत; सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं मॅकडरमॉट कंपनीच्या खटल्यांत त्यांची चर्चा केली आणि लवादानें त्यांतील एखादें वापरण्यास हरकत नसल्याचें सांगितलें. सूत्र हें पुरावा नसेल तेथें अंधारांत धरावयाची काठी आहे. पण जो मनुष्य रोजची वही लिहूं शकत होता आणि सूत्राच्या भरंवशावर त्यानें ती लिहिलीच नाहीं, त्याच्या हातांत ती काठी आंधळ्याची राहत नाहीं. तो झालेला तोटा सांगत नाहीं, होऊं शकला असता तो सांगतो. आणि एकदां आकडा फुगला कीं मालकाच्या मनांत खऱ्या आकड्याविषयींहि विश्वास उरत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्या कल्पित कंत्राटदारास पहिला खांब ४० फुटांवर टेकला नाहीं त्याच दिवशीं जमीन वेगळी असल्याचें कळलें. त्यानें पत्र लिहिलें तें अकराव्या खांबानंतर. कां? सुरुवातीलाच कुरकूर केली तर संबंध बिघडतील म्हणून, असें तो सांगतो. आणि तें खरेंहि असेल. परंतु त्याच्या भिडेमुळें सोसायटीची एक संधि गेली. पहिल्याच दिवशीं कळतें तर तिच्या इंजिनिअरानें पायाचा आराखडा बदलला असता, खांबांची जागा हालविली असती, निदान आणखी दोन बोअर घेतले असते. कराराचें पंचावन्नावें कलम मालकासहि हाच धडा देतें: उशिरा झालेलें काम निमूटपणें स्वीकारलें आणि त्या वेळीं सूचना दिली नाहीं, तर मागाहून उशिराबद्दल भरपाई मागतां येत नाहीं. मात्र या तत्त्वाचा फास करूं नये. अमुक दिवसांत न कळविल्यास हक्कच बुडेल अशीं कलमें बलवान् पक्ष घालूं लागला, तेव्हां अठ्ठाविसाव्या कलमांत दुरुस्ती होऊन १९९७ पासून तीं निरर्थक ठरलीं.

फारखतीचा प्रकार याहून वाईट. शेवटचें बिल हवें असेल तर ‘आमचें कांहीं येणें राहिलें नाहीं’ असें लिहून दे, असें कंत्राटदारास सांगितलें जातें. आणि बँकेचें व्याज चढत असलेला मनुष्य तें लिहून देतो. अशी फारखती दडपणाखालीं घेतलेली असल्यास ती शेवटचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं बोघारा पॉलिफॅब या खटल्यांत स्पष्ट केलें. एरवीं शब्दाच्या पावित्र्याविषयीं बोलणारे लोक हा शब्द कसा मिळविला जातो याविषयीं बोलत नाहींत. खरें देणें आहे हें ठाऊक असून, निकालास दहा वर्षें लागतील म्हणून तें न देणें, आणि चार मिळण्यासाठीं दहा मागणें, या दोहोंत आम्हांस तर कांहीं अंतर दिसत नाहीं.

मोठ्या कामांची गोष्ट निराळी नसते, फक्त शून्यें वाढतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूची कोनशिला १९९९ सालीं बसली. तो पांच वर्षांत व्हावयाचा होता, ३० जून २००९ रोजीं खुला झाला. मध्यंतरीं आराखडे बदलले, सुमारें ६६० कोटींचा अंदाज सुमारें १६०० कोटींवर गेला, आणि क्लेमांचे वाद पूल झाल्यावरहि चालले. तो बांधणारी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९२६ सालीं स्थापिलेली, आणि तिच्या आरंभींच्या कामांत त्याच भोरघाटांतील बोगदे होते. घाटानें ज्यांना शिकविलें त्यांना समुद्रानेंहि तोच धडा पुन्हां घातला असें म्हणावयास हरकत नाहीं.

निवाडा कोणीं करावा, हा प्रश्न उरतो. रूढ उत्तर: मालकाचा इंजिनिअर. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अखेरचा मानला आहे. ज्यानें सहांऐवजीं दोन बोअरांवर नकाशे काढूं दिले, त्याच इंजिनिअरानें जमिनीविषयींचा क्लेम तोडावयाचा. आणि आपल्या चुकीस चूक म्हणण्याचें मनोधैर्य त्यानें दाखवावें अशी अपेक्षा करावयाची. असे इंजिनिअर असतात. परंतु व्यवस्था त्यांच्यावर बेतूं नये. २०१५ च्या दुरुस्तीनें पक्षाच्या नोकरास लवाद होण्याची बंदी झाली, ती योग्यच झाली. उलट २०२४ च्या जूनमध्यें केंद्राच्या अर्थखात्यानें आपल्या खात्यांस सुचविलें कीं, मोठ्या करारांत लवादाचें कलम सरसकट घालूं नये, दहा कोटींच्या आंतील तंट्यांपुरतें ठेवावें. लवादांतून सरकार फार हरतें, हें त्यामागचें दुःख दिसतें. हरण्याचें एक कारण देणें खरें असणें हेंहि असूं शकेल, हा विचार खात्यास सुचला किंवा नाहीं कोण जाणे.

खारीच्या सभेंत आम्हांस मत विचारलें असतें तर आम्हीं असें सांगितलें असतें. पत्र आल्यानंतरच्या सर्व खांबांचा जादा खर्च, वहींत लिहिलेल्या मोजमापाप्रमाणें, सोसायटीनें द्यावा. पहिल्या अकरा खांबांचें लोखंड, सिमेंट आणि मजुरी द्यावी, नफा देऊं नये. कारण त्या अकरांच्या वेळीं दुसरी वाट शोधण्याची संधि कंत्राटदाराच्या मौनानें गेली. यंत्राच्या भाड्याची मागणी यंत्र प्रत्यक्ष किती दिवस उभें होतें तें दाखविल्यास मान्य करावी, सूत्रानें काढलेली नामंजूर करावी. पैसे देतांना फारखती मागूं नये, मजुरांच्या हप्त्यांच्या पावत्या मागाव्या. आणि पुढल्या टेंडरांत ‘खात्री करून घेतली आहे’ हें कलम गाळून, मोजून पैसे देण्याचा दर ठेवावा, म्हणजे खडक वर लागला तर सोसायटीचेहि पैसे वांचतील.

इतकें करूनहि एक मनुष्य असमाधानी राहतो, आणि त्याचें काय करावें हें आम्हांस सुचलेलें नाहीं. त्या पांच टेंडरांत दुसऱ्या क्रमांकाचा एक जुना कंत्राटदार होता. भाईंदरच्या चिखलांत त्यानें हयात घालविलेली. मागल्या बाजूस खडक खोल जाणार हें त्यानें बोअर न घेतां ओळखलें, त्याप्रमाणें रक्कम धरली, आणि त्या रकमेमुळेंच त्याचें टेंडर मागें पडलें. आज सोसायटी जादा रकमेसह जेवढें देणार आहे तेवढेंच, किंवा त्याहून थोडें कमी, त्यानें पहिल्याच दिवशीं मागितलें होतें. त्याच्याशीं कोणाचा करार झालेला नाहीं.